स्टँडर्ड व्हॅनगार्डचा ओव्हरड्राइव्ह: सकाळी बसतो, दुपारी बसतच नाही

फैजपूरकर
मंडळी, नमस्कार. घरात काकांची १९५२ ची स्टँडर्ड व्हॅनगार्ड आहे, फेज वन. २०८८ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगवर गिअर, १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा पॉझिटिव्ह पोल बॉडीला). मागे लेकॉकचा ए टाइप ओव्हरड्राइव्ह (टॉपच्या वरचा जास्तीचा गिअर, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा) बसवलेला आहे, तोही चालू हालतीत. काका असताना गाडी शेडमध्ये उभीच होती. दोन वर्षांपूर्वी इंजिन, गिअरबॉक्स, रंग सगळं करून रस्त्यावर आणली.

अडचण अशी. सकाळी सात-आठला फैजपूरहून निघालो की टॉपला गेल्यावर स्विच टाकला रे टाकला, ओव्हरड्राइव्ह बसतो. इंजिनाचा आवाज खाली येतो, गाडी मोकळी पळते. तीच गाडी दुपारी भुसावळच्या पुढे गेली की स्विच टाकून काहीच होत नाही. कान देऊन ऐकलं तर खालून बारीक 'टक' येतो, पण गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये जात नाही. संध्याकाळी गाडी गार झाली की पुन्हा चालू. सध्या आपल्याकडे ४४-४५ चं ऊन आहे, हे सांगायला नकोच.

वायरमनने सोलेनॉइडच्या (करंट दिला की आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढणारी कॉइल) टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावून पाहिला. लॅम्प चक्क पेटतो. तो म्हणतो, करंट पोचतोय, सोलेनॉइड गेला, नवा मागवा. नवा परदेशातून येणार आणि स्वस्त नाही. मागवू का?

अजून एक. गेल्या आठवड्यात स्विच बंद केल्यावरही ओव्हरड्राइव्ह लगेच सुटला नाही, थोडा वेळ तसाच राहिला. याचा त्याच्याशी संबंध आहे का?

पांझराकाठ
भो, पहिले रिव्हर्स नको मारू. बाकी बठ्ठं मंग.

तुमची शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. ओव्हरड्राइव्ह सुटला नसताना गाडी मागे घेतली तर आतला वन-वे क्लच (एकाच दिशेला मोकळा फिरणारा) घट्ट बसतो आणि कोन क्लच (ओव्हरड्राइव्ह लागू करणारा) मधल्या सन गिअरला धरून ठेवतो. एक सांगतो दोन्ही शाफ्ट एका वेगाने फिरा, दुसरा सांगतो वेगळ्या वेगाने फिरा. त्या ओढाताणीत क्लचचे रोलर तुटतात, केसिंगसुद्धा फुटू शकतं. मग सोलेनॉइडच्या किमतीचा विषयच उरत नाही. तेव्हा सुटला की नाही याची खात्री नसेल तर गाडी ढकलूनसुद्धा मागे घेऊ नका. घरच्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, ड्रायव्हर असेल तर त्यालाही.

आता बिघाड. ए टाइपमध्ये सोलेनॉइड फक्त एक छोटी दांडी फिरवतो. दांडी एका व्हॉल्व्हचा बॉल उचलते, तोही जेमतेम इंचाचा बत्तिसावा भाग. पुढचं सगळं काम तेलाच्या दाबाचं. म्हणून पहिला प्रश्न हाच: दांडी फिरते का? फिरत असेल आणि तरी बसत नसेल तर तेलाकडचा बिघाड. फिरतच नसेल तर विजेकडचा.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर टॉपला, एकाने स्विच टाकायचा, दुसऱ्याने दांडी बघायची. तेवढा वेळ इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवा. पॉइंट मिटलेले असतील तर इंजिन बंद असताना कॉइल फुकट तापते.

शेंदुर्णीकर
तेल कोणतं घातलंय? माझ्या मामांच्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह गरम झाल्यावर घसरायचा. ९० नंबरचं ईपी तेल काढून साधं ३० नंबरचं इंजिन ऑइल घातलं आणि विषय संपला. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकाच तेलावर चालतात, त्यामुळे मेकॅनिक गिअर ऑइल ओतून मोकळे होतात.

पांझराकाठ
शेंदुर्णीकर दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे. कोन क्लचला घर्षण लागतं. घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह असलेलं तेल त्यात घालायचं नाही. पण घसरणं आणि न बसणं या वेगळ्या गोष्टी. घसरतो तेव्हा इंजिनाचा आवाज खाली येऊन पुन्हा चढतो. फैजपूरकर म्हणतात की आवाज खाली येतच नाही. आधी दांडी बघू द्या.

आणि तेलाकडे जावं लागलं तर कुठलाही प्लग उघडण्याआधी इग्निशन चालू करून स्विच दहा-बारा वेळा टाका-काढा. आत अॅक्युम्युलेटर आहे, स्प्रिंगवर दाब साठवलेला असतो. इंजिन बंद केलं म्हणून तो जात नाही, आणि गरम तेल थेट तोंडावर येतं.

तारा_धुळे
फैजपूरकर दादा, सोलेनॉइड अजिबात मागवू नका. निदान अजून तरी नको.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे वायर चांगली, ही समजूत मला दरवर्षी नव्या मुलांच्या डोक्यातून काढावी लागते. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे पटकन कळतं. ठिबकचा फिल्टर चोंदलेला असला तरी सगळे व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण दाब दाखवतं. व्हॉल्व्ह उघडला, पाणी वाहायला लागलं, की दाब पडतो. इथेही करंट वाहत असतानाच मोजायचं.

५ वॅटचा लॅम्प ०.४ अँपिअरच घेतो. ए टाइपच्या सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड, ओढून घेणारी, ती १५ ते २० अँपिअर खाते. दुसरी बारीक, धरून ठेवणारी, ती एक-दोन अँपिअरवर भागते. प्लंजर पूर्ण आत गेला की टोकाला एक कॉन्टॅक्ट उघडतो आणि जाड गुंडाळी बंद होते. आता वाटेत कुठेतरी ०.३ ओहमचा खराब जोड आहे असं धरा. लॅम्पवर त्याने ०.१२ व्होल्ट पडेल, डोळ्याला काहीच फरक दिसणार नाही. १० अँपिअरवर त्याच जोडावर ३ व्होल्ट पडतील.

आता काय करायचं ते सांगते. दुपारी, बिघाड हजर असताना, स्विच टाकून मोजा. प्लंजर आत जात नसेल तर जाड गुंडाळी चालूच राहते, म्हणून एका वेळी दोन-तीन सेकंदांवर स्विच ठेवू नका, मध्ये गार होऊ द्या. मीटर डीसीवर. बॅटरीच्या दोन पोलांमध्ये किती, सोलेनॉइडच्या टर्मिनल आणि त्याच्याच बॉडीमध्ये किती, आणि सोलेनॉइडच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थच्या पोलापर्यंत किती. ही शेवटची मोजणी कोणी करत नाही आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा बिघाड तिथेच सापडतो. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर करंटही बघा. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कुठे आहे तेही कळवा.

सावदा_वाइंडिंग
ताईंचं म्हणणं अगदी पटलं. आमचं दुकान केळीच्या पट्ट्यात, सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक पंपांच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे नवी तार गुंडाळून देण्याचं. मोटार ओढत नाही म्हणून लोक जळलेली समजून घेऊन येतात. भरून देऊन पैसे घ्यायला हरकत नसते, पण वीस वेळा तरी केबलचा जोड खराब निघालेला असतो.

तरीही सोलेनॉइड खरंच गेला तर परदेशातून मागवायची गरज नाही, तो भरता येतो. उघडताना दोन्ही गुंडाळ्यांचे फेरे मोजून लिहा, तारेचा गेज मायक्रोमीटरने घ्या, आणि दोन्ही कोणत्या दिशेने गुंडाळल्यात ते नक्की टिपा. दोन्हींची ओढ एकमेकींना मदत करणारी हवी. बारीक गुंडाळी उलटी जोडली गेली तर जाड बंद होताना प्लंजर सुटतो, कॉन्टॅक्ट पुन्हा मिळतो, पुन्हा ओढतो, असा खडखडाट सुरू होतो. तार एनॅमलची, वर वार्निश आणि भट्टी. सबमर्सिबलची पीव्हीसी चढवलेली तार कोणी वापरतो म्हणाला तर देऊ नका. ती पाण्यात गार राहायला केलेली असते, गिअरबॉक्सशेजारी ती टिकणार नाही.

फैजपूरकर
काल दुपारी मोजलं. भुसावळला मित्राच्या गॅरेजपर्यंत गाडी तापवत नेली आणि बिघाड दिसल्याबरोबर स्टँडवर घेतली. दांडी फिरत नाही, नुसती थरथरते. म्हणजे पांझराकाठ आप्पा, बिघाड विजेकडचाच.

आकडे:
बॅटरी, स्विच टाकलेला असताना: १२.०
सोलेनॉइडच्या टर्मिनल ते बॉडी: ८.८
सोलेनॉइड बॉडी ते बॅटरीचा अर्थ पोल: १.४
डॅशच्या स्विचमध्ये येणारी वायर ते गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून बाहेर पडणारी वायर: १.३
उरलेलं वायरिंगमध्ये.
करंट १०.६ अँपिअर. सोलेनॉइडच्या बॉडीचं तापमान बंदुकीसारख्या थर्मामीटरने ९५ च्या आसपास.

रिले सापडलाच नाही! फायरवॉलवर दोन रिकामी भोकं आहेत आणि तिथल्या वायरी एकमेकींना पिळून टेप मारलाय. बॅटरीकडून आलेला करंट थेट डॅशच्या स्विचमधून, तिथून गिअरबॉक्सच्या कव्हरवरच्या आयसोलेटर स्विचमधून (ठराविक गिअरमध्येच करंट जाऊ देणारा) सोलेनॉइडला जातो.

तारा_धुळे
इतके व्यवस्थित आकडे दिलेत, मन प्रसन्न झालं. आता हिशेब बघा.

८.८ ला १०.६ ने भागलं की ०.८३ ओहम, हा तापलेल्या गुंडाळीचा रोध. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. ९५ वरून २५ वर आणला तर तो ०.६५ येतो. १२ व्होल्टला हे १८ अँपिअरच्या जवळ जातं, म्हणजे गुंडाळी निरोगी आहे. आतले फेरे शॉर्ट असते तर रोध यापेक्षा कमी आला असता.

वाटेत ३.२ व्होल्ट हरवतात, म्हणजे वाटेचा रोध ०.३ ओहम. सकाळी गार गुंडाळी आणि हाच ०.३ मिळून १२.६ अँपिअर मिळतात आणि तेवढ्यावर प्लंजर कसाबसा जातो. दुपारी १०.६ वर जात नाही. प्लंजरची ओढ करंटच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दोन अँपिअरचा फरक दिसायला लहान असला तरी ओढ जवळपास ३० टक्क्यांनी उतरते. उन्हाने बिघाड केलेला नाही. बिघाड सकाळीही तेवढाच असतो, ऊन फक्त तो उघडा पाडतं.

वाटेचा रोध ०.०५ वर आणा. मग ९५ अंशांना तापलेल्या गुंडाळीलाही १३.६ अँपिअर मिळतील, म्हणजे आज सकाळी गार असताना मिळतात त्याहून जास्त. ओव्हरड्राइव्ह दुपारी बसलाच पाहिजे.

पांझराकाठ
रिले कोणीतरी आधीच काढला असणार. खराब झाला, बाजारात मिळाला नाही, वायरी जोडून गाडी देऊन टाकली. असं खूप बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण मूळ वायरिंग विचार करून केलेली असते. त्यात डॅशचा स्विच आणि आयसोलेटर फक्त रिलेची कॉइल चालवतात, एक अँपिअरच्याही आत. सोलेनॉइडचा मोठा करंट रिलेच्या कॉन्टॅक्टमधून जातो. रिले काढला की तो सगळा करंट दोन नाजूक स्विचांतून जाऊ लागतो आणि त्यांचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. तुमचे १.३ व्होल्ट तिथेच गेलेत.

अर्थवरचे १.४ मात्र रंगातून आलेत असं मला वाटतं. गिअरबॉक्स करताना केसिंग रंगवलं होतं का? सोलेनॉइडचा अर्थ त्याच्या फ्लँजच्या बोल्टांमधूनच मिळतो, वेगळी वायर नसते. फ्लँज आणि केसिंगच्या मध्ये रंगाचा थर बसला की संपलं. पुढे गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर, तिथून चेसिसला जायला जाड अर्थ पट्टी हवी. ती नसेल तर करंट चोकच्या नाहीतर स्पीडोमीटरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर चोकची केबल गरम लागते का, तेही बघा.

फैजपूरकर
आप्पा, केसिंग सिल्व्हर रंगाने मारलंय. सुंदर दिसतंय म्हणून मीच सगळ्यांना दाखवायचो. चोकची केबल गरम होत नाही, पट्टी जागेवर आहे, पण तिचे लग पण रंगात आहेत.

रिले कुठला घेऊ? जुन्या लुकसच्या रिलेवर डब्ल्यू १, डब्ल्यू २, सी १, सी २ असं असतं म्हणतात. जळगावला कुठे मिळेल असं वाटत नाही.

तारा_धुळे
साधा चार पिनांचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. डब्ल्यूची जोडी म्हणजे कॉइल, ती नव्या रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांवर. सीची जोडी म्हणजे कॉन्टॅक्ट, ती ३० आणि ८७ वर. बॅटरीकडून ३० ला आणि ८७ वरून सोलेनॉइडला किमान २.५ चौरस मिमीची वायर टाका, ४ ची मिळाली तर उत्तम. लग दाबून वर डाग द्या, नुसतं पिळून टेप नको.

एक गोष्ट जपा. काही रिलेंच्या आत ८५-८६ वर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो, बाहेर त्याचं चिन्ह छापलेलं असतं. आजकालच्या गाड्या निगेटिव्ह अर्थ, तुमची पॉझिटिव्ह अर्थ. नेहमीच्या सवयीने जोडला तर डायोड सरळ शॉर्ट होईल. डायोड नसलेलाच रिले मागा.

पांझराकाठ
आणि सोलेनॉइड काढलाच आहे तर दांडीची सेटिंग करूनच बसवा, ही पायरी कोणी चुकवू नये. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला सेटिंग लिव्हर आहे, त्यात ३/१६ इंचाचं भोक. सोलेनॉइड ओढलेला असताना ते भोक केसिंगवरच्या भोकासमोर यायला हवं. क्लॅम्प बोल्ट ढिला करा, भोकातून पिन घाला, प्लंजर पूर्ण आत दाबून धरा, बोल्ट आवळा, पिन काढा. पिन काढायला विसरलात तर दांडी अडकलेली राहील.

मग करंट बघायचा. स्विच टाकून प्लंजर आत गेल्यावर एक-दोन अँपिअर दिसले तर सेटिंग बरोबर. पंधराच्या पुढे दिसले तर प्लंजर टोकापर्यंत पोचत नाही, आतला कॉन्टॅक्ट उघडत नाही, जाड गुंडाळी चालूच आहे. तसं सोडलं तर चांगला सोलेनॉइड काही मिनिटांत जळतो.

सुटायला उशीर होतो त्याचं कारणही इथेच मिळेल. प्लंजर बाहेर काढून बघा, जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. स्वच्छ पुसून कोरडाच बसवा.

शेंदुर्णीकर
व्हॅनगार्डचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरचंच ना? आमच्या गावात एक जुना राखाडी फर्ग्युसन अजून उभा आहे.

पांझराकाठ
हो दादा, एकाच घरातलं. टीई २० ट्रॅक्टर कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड कंपनीच बनवायची. ८५ मिमी बोअरचं २०८८ सीसीचं इंजिन दोन्हीकडे आहे, वेट लायनरचं. तुमच्या गावचा ट्रॅक्टर भंगारात जाऊ देऊ नका, कधीतरी कोणाच्या तरी कामी येईल.

फैजपूरकर
काम झालं, सविस्तर लिहितो.

फ्लँज आणि केसिंगचे दोन्ही चेहरे पॉलिश पेपरने उघडे केले, बोल्टांखालचा रंगही काढला. अर्थ पट्टीचे लग घासून नवे बोल्ट टाकले. आयसोलेटर स्विच उघडून पाहिला, कॉन्टॅक्ट कोळशासारखे काळे. साफ करून, त्याच्या खालचे वॉशर होते तेवढेच ठेवून परत बसवला. रिले फायरवॉलवरच्या जुन्या भोकांवरच बसवला, वायर ४ ची. पिन म्हणून पावणेपाच मिमीच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू वापरली, ३/१६ ला ती चपखल बसते. लिव्हर आधी खरंच चुकीच्या जागी होता, भोक अर्धंच दिसत होतं. प्लंजरवर काळा चिकट थर होता, तो काढला.

नंतरचे आकडे: अर्थवर ०.१ च्या आत. ओढून झाल्यावर करंट १.१ अँपिअर. आता 'टक' नाही, ठणठणीत 'खट्' येतो, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा.

मग भर दुपारी जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत गेलो. स्विच टाकला की बसतो, काढला की लगेच सुटतो, पारोळ्याच्या पुढेसुद्धा. इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्शाने उतरतात, तापमानाचा काटाही खाली राहतो. ताई, आप्पा, सावदेकर भाऊ, तुमच्यामुळे चांगला सोलेनॉइड फेकण्यापासून वाचला. वायरमनलाही धागा वाचायला दिलाय, त्यानेही मीटरने मोजायला सुरुवात केली.

फ्यूज टाकलेला नाही. किती अँपिअरचा टाकू? २० चा टाकावा असं दुकानदार म्हणतो.

तारा_धुळे
फार आनंद झाला, दादा. फ्यूज मात्र १० चा टाका. ओढताना १७ अँपिअर जातात, पण ते क्षणभर, तेवढं १० चा फ्यूज सहन करतो. उद्या प्लंजर अडकला आणि १७ अँपिअर चालूच राहिले, तर २० चा फ्यूज बघत बसेल आणि गुंडाळी जळेल. १० चा वितळेल. आपल्याला गुंडाळी वाचवायची आहे.

पांझराकाठ
एक तपासणी राहिली. इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर रिव्हर्सला, आणि स्विच टाका. खट् यायला नको. आला तर आयसोलेटर रिव्हर्समध्येही मिटलेला आहे, त्याच्याखालचे वॉशर वाढवून तो वर घ्यावा लागेल. फर्स्टलाही तसंच बघा.

फैजपूरकर
आत्ताच बघून आलो. रिव्हर्सला आवाज नाही, फर्स्टलाही नाही. टॉपला येतो. १० चा फ्यूज उद्या टाकतो.

सावदा_वाइंडिंग
भाऊ, पुढेमागे गाडी निगेटिव्ह अर्थ करायचा विचार असेल तर सोलेनॉइडची चिंता नको, त्याला दिशेचं काही नाही. स्विचवरची ठिणगी कमी करायला कोणी सोलेनॉइडवर डायोड लावून देत असेल तर मात्र आज डायोडवर छापलेली पट्टी अर्थच्या बाजूला हवी, आणि अर्थ बदलला की डायोडही उलटा करावा लागेल.